आपल्या अंगणातला आवळा : थोडा इतिहास, थोडी रोपं

दुधनीत तुळशीचं लग्न दोन रीतींनी लागतं, हे इथं राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. मराठी घरात वृंदावनाशेजारी उसाचं कांड उभं राहतं, बाळकृष्णाची मूर्ती पाटावर येते आणि पुढ्यात चिंचा, बोरं, आवळे ठेवतात. कन्नड घरात तुळशीच्या कुंडीत नेल्लिकाईची, म्हणजे आवळ्याची, फळं लागलेली फांदी रोवतात. ती फांदी म्हणजेच नवरदेव. एका घरात आवळा पूजेच्या ताटात असतो, दुसऱ्या घरात थेट बोहल्यावर. आपल्या सोसायटीत दोन्ही घरं भिंतीला भिंत लावून आहेत. त्यामुळं दर कार्तिकात मोकळ्या प्लॉटमधल्या जुन्या आवळ्याखाली फळं मागणारे आणि फांदी मागणारे अशा दोन रांगा लागतात.

पण एक गोष्ट बघा. ती रोवलेली फांदी आजवर कुणाच्या कुंडीत जगलेली नाही. चार दिवस हिरवी दिसते, मग बारीक पानं झडतात आणि काडी उरते. जास्वंदीची फांदी खोचली की फुटते, शेवग्याचं खोड पुरलं की वर्षात शेंगा देतं. आवळ्याचं तसं नाही. त्याची फांदी सहजासहजी मूळ धरत नाही. माणसानं हजारो वर्षं हे फळ खाल्लं, पुजलं, औषधात घातलं. पण हवं ते झाड हव्या त्या जागी पुन्हा उभं करायची विद्या त्याला फार उशिरा सापडली. ती कशी सापडली, कुणी सापडवली, आणि आपल्या कंपाउंडातल्या दोन झाडांशी तिचा काय संबंध, एवढंच या लेखात सांगायचं आहे.

लिहायला निमित्तही तसंच आहे. रौप्यमहोत्सवी वर्षात मोकळ्या प्लॉटवर पेव्हर ब्लॉक घालून गाड्यांची सोय करावी, अशी सूचना आली आहे. त्यासाठी जुना गावरान आवळा काढावा लागेल. गेटजवळचा कलमी आवळा राहील. "सर, फळ तर तिकडचंच मोठं असतंय. ह्या एका झाडापायी चार गाड्यांची जागा जाती की ओ," असं एका तरुण सभासदानं मला विचारलं. प्रश्न रास्त आहे. गाड्या वाढल्या आहेत, रस्ता वाढलेला नाही. सर्वसाधारण सभेत निर्णय होईल तो होईल. पण निर्णयाआधी ही दोन झाडं एकमेकांची कोण लागतात, ते सर्वांना ठाऊक असावं.

जुनी ओळख

आवळ्याची आपली ओळख किती जुनी? चरकसंहितेत रसायन प्रकरणात च्यवनप्राशाची कृती आहे आणि तिच्यात आवळे पाचशे सांगितले आहेत. वजन नाही, मोजून पाचशे. सम्राट अशोकाच्या अखेरच्या दिवसांची एक बौद्ध कथा आहे. सगळं दान करून झालं, सत्ता हातातून गेली, आणि देण्यासारखा फक्त अर्धा आवळा उरला. तोही त्यानं भिक्षुसंघाला पाठवला. संघानं तो वाटून कालवणात घातला, म्हणजे प्रत्येकाला त्यातला अंश मिळाला. देवळाच्या शिखरावर कळसाखाली जो पाकळ्या-पाकळ्यांचा चपटा दगड असतो, त्याला आमलक म्हणतात, तेही याच फळावरून. आवळा हातात धरून बघा, त्याच्या अंगावरच्या सहा फिकट रेघा दिसतील.

1563 साली गोव्यात गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्यानं हिंदुस्थानातल्या औषधी वनस्पतींवर ग्रंथ छापला. त्यात हिरडा-बेहड्याच्या जोडीनं आवळ्याचीही चर्चा आहे. 1753 मध्ये लिनियसनं त्याला फिलँथस एम्ब्लिका हे शास्त्रीय नाव दिलं. पुढं विसाव्या शतकात जीवनसत्त्वांचा शोध लागला आणि आजीच्या मोरावळ्याला आकड्यांचा आधार मिळाला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या तक्त्यांत शंभर ग्रॅम आवळ्यात 600 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व दिलं आहे. पेरूत ते 212 आणि संत्र्यात 30. 1939-40 च्या हिसारच्या दुष्काळात हिरड्या सुजून रक्त येणाऱ्या स्कर्व्ही रोगावर आवळाच उपयोगी पडला होता. दुष्काळी मुलखातल्या आपल्यासारख्या लोकांनी हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

या सगळ्या काळात आवळ्याचं झाड मात्र बियांपासूनच येत होतं. रानात हरणं फळं खातात, रवंथ करताना आठळ्या टाकतात आणि त्यातून रोपं उगवतात. गावात कुणी बी टाकलं, कुणी पावसाळ्यात उगवलेलं रोप उचलून परड्यात लावलं. बियांपासून आलेलं झाड आईसारखंच होईल याचा भरवसा नसतो. आवळ्यात एकाच झाडावर नर आणि मादी फुलं वेगळी येतात आणि शेजारच्या झाडाचा पराग मिळाला तर फळधारणा चांगली होते. म्हणजे प्रत्येक बी हे दोन घराण्यांचं मूल. कुणाचं नाक आईचं, कुणाची उंची बापाची. मोठ्या फळाच्या झाडाचं बी लावलं तरी फळ लहान निघू शकतं, आणि ते कळायलाही सात-आठ वर्षं थांबावं लागतं.

विणकरांची गूजबेरी

इंग्रजी शाळेत जाणारी आपली मुलं आवळ्याला गूजबेरी म्हणतात. खरी गूजबेरी मात्र वेगळी. ते थंड मुलखातलं कमरेएवढं काटेरी झुडूप आहे, आवळ्याशी त्याचं काही नातं नाही. हिरवट, रेघारेघांचं, आंबट फळ बघून इंग्रजांनी आपल्या आवळ्याला ते नाव चिकटवलं, एवढंच. पण त्या झुडपाची एक हकीकत सोलापूरकरांनी ऐकावी अशी आहे.

इंग्लंडच्या उत्तरेला लँकेशायर आणि आसपासच्या भागात अठराव्या शतकापासून गूजबेरीच्या स्पर्धा भरत. भाग घेणारे जमीनदार नव्हते. बरेचसे हातमागावरचे विणकर आणि कारागीर होते. घरामागं चार हात जागा, तिथं दोन-चार झुडपं. मागावरून उठायचं, झाडाला पाणी घालायचं आणि पुन्हा मागावर बसायचं. बियांपासून नवी रोपं करायची, ज्याचं फळ सर्वांत वजनदार ते निवडायचं आणि त्याच्या फांद्या लावून तेच झुडूप वाढवायचं. गूजबेरीची फांदी हिवाळ्यात जमिनीत खोचली की मूळ धरते, त्यामुळं निवडलेलं झाड हातचं जात नसे. चार्ल्स डार्विननं 1868 च्या आपल्या ग्रंथात या स्पर्धांची नोंद घेतली आहे. 1852 मध्ये 'लंडन' नावाच्या जातीचं एक फळ 896 ग्रेन, म्हणजे आजच्या हिशेबानं साधारण 58 ग्रॅम भरलं. रानटी गूजबेरीच्या सात-आठ पट. ही वाढ प्रयोगशाळेत झाली नाही, विणकरांच्या परसात झाली.

पण या हकीकतीला पुढचा भागही आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतून भुरी रोग युरोपात पोचला आणि युरोपातल्या गूजबेरीची दाणादाण उडाली. मोठ्या फळासाठी निवडलेल्या त्या लाडक्या जातींना या रोगाशी झुंजायची सवयच नव्हती. अमेरिकेतली लहान फळांची रानटी झुडपं मात्र या रोगासमोर बरीच टिकाव धरणारी होती. पुढं रोगाला दाद न देणाऱ्या नव्या जाती करायला त्याच रानटी झुडपांचं रक्त कामाला आलं. मोठं फळ माणसानं निवडलं. तग धरण्याचा गुण मात्र लहान फळाच्या रानटी भावाकडून मागून आणावा लागला.

आपल्या जिल्ह्याला याची चव माहीत आहे. डाळिंबानं सोलापूरला पैसा दिला, 2005 मध्ये डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र सोलापुरात आलं, आणि तेल्या रोगानं कितीतरी बागा बसवल्या हेही आपण पाहिलं. मैलोगणती एकाच जातीची झाडं असली की रोगाला घर बदलावं लागत नाही.

बनारसी, चकैया, हाथीझूल

आता आवळ्याकडं परत येऊ. आंब्याला कलम करायची विद्या पोर्तुगीजांच्या काळापासून गोव्या-कोकणात रुजली आणि हापूस जन्माला आला. आवळ्याला डोळा भरायची रीत रुळायला विसावं शतक उजाडावं लागलं. मोठ्या फळांची नावाजलेली झाडं उत्तर प्रदेशात होती, बनारस आणि प्रतापगडच्या बाजूला. तिथल्या तीन जुन्या जाती म्हणजे बनारसी, चकैया आणि फ्रान्सिस. फ्रान्सिसच्या फांद्या हत्तीच्या सोंडेसारख्या खाली झुलतात, म्हणून तिला हाथीझूलही म्हणतात. प्रत्येकीत काहीतरी उणं होतं. बनारसीचं फळ मोठं, पण झाड कमी धरतं. चकैया भरपूर धरते, पण फळात दोरे जास्त. फ्रान्सिसचं फळ आतून काळं पडतं.

अयोध्येजवळ कुमारगंजच्या नरेंद्रदेव कृषी विद्यापीठात शास्त्रज्ञांनी या जातींच्या बियांपासून आलेली झाडं तपासली आणि त्यांतली निवडक झाडं वेगळी काढली. चकैयाच्या रोपांतून कांचन म्हणजे एनए-4 आणि एनए-6 निघाल्या, बनारसीच्या रोपांतून कृष्णा म्हणजे एनए-5, आणि फ्रान्सिसच्या रोपांतून एनए-7. आज महाराष्ट्रातल्या रोपवाटिकांत या पाट्या सर्रास दिसतात. गुजरातेत आणंद-1, आणंद-2, तमिळनाडूत भवानीसागरची बीएसआर-1, अशी त्यांची भावंडंही आहेत.

यातली मेख लक्षात घ्या. एनए-7 म्हणजे लाखो झाडं दिसतात, पण ती सगळी मिळून एकच झाड आहे. कधीतरी एका बियातून एक रोप उगवलं. कुणीतरी त्याचं फळ बघितलं, "हे वेगळं आहे" असं म्हटलं आणि त्याचा डोळा काढून दुसऱ्या खुंटावर बसवला. तो डोळा वाढला, त्याच्या फांद्यांवरचे डोळे आणखी खुंटांवर गेले. बी म्हणजे झाडाचं मूल, डोळा म्हणजे तेच झाड. त्या पहिल्या माणसानं दुर्लक्ष केलं असतं, किंवा डोळा काढायच्या आधी ते झाड सरपणात गेलं असतं, तर आज एनए-7 नावाची वस्तू जगात नसती.

आणि खुंट कशाचा? गावरान आवळ्याचा. कलमी झाडाचं वरचं अंग कितीही नामांकित असो, जमिनीखाली मूळ गावरान रोपाचंच असतं. मुरुमात खोल जाणारं, मचूळ पाण्यावर निभावणारं, खारवट जमिनीलाही फारशी दाद न देणारं. आपल्या गेटजवळच्या मोठ्या फळाच्या झाडाचे पायही गावरानच आहेत.

आपल्याकडची वाट

आपला भाग डोंगराचा नाही आणि जंगलाचाही नाही. तूर, ज्वारी, भुईमुगाचं काळं रान, मध्ये मध्ये मुरुमाचे माळ, आणि वर्षाला पाचशे-साडेपाचशे मिलिमीटरचा पाऊस, तोही लहरी. या भागात काय टिकेल याचा पद्धतशीर अभ्यास 1933 पासून सोलापुरात सुरू झाला. तेव्हाच्या सरकारनं देशात कोरडवाहू शेतीची मोजकी संशोधन केंद्रं काढली, त्यांत सोलापूर होतं. विजापूर आणि रायचूरही होतं. म्हणजे आपल्या रेल्वेमार्गावरची आणि शेजारची गावं. दुष्काळाची सीमा राज्याच्या सीमेसारखी आखलेली नसते, हे तेव्हाच ओळखलं होतं.

1972 च्या दुष्काळात खडी फोडलेली माणसं आपल्यातही आहेत. त्या दुष्काळानं रोजगार हमीला बळ दिलं. तिचा कायदा 1977 मध्ये झाला. 1990-91 पासून महाराष्ट्र सरकारनं फळबाग लागवड रोजगार हमीला जोडली. खड्डा खणणं, रोप, खत, पाणी यांसाठी शेतकऱ्याला टप्प्याटप्प्यानं अनुदान मिळू लागलं. आंबा, डाळिंब, बोर, सीताफळ, चिंच यांच्या यादीत आवळाही होता. खडी फोडण्यापेक्षा झाडाला आळं करणं बरं, असा त्यातला साधा विचार. ज्या माळावर कुसळं उगवत होती तिथं कलमं दिसू लागली. आपल्या बाजारपेठेत हिवाळ्यात मोठे, काचेसारखे आवळे पोत्यानं दिसू लागले ते त्यानंतरचे.

कलमी आला तसा गावरान मागं पडला. साहजिक आहे. दीड-दोन तोळ्यांचा गावरान आवळा, त्यात दोरे, त्यात तुरटपणा. मोरावळा करणारीला मोठं फळ सोयीचं. पण लोणच्याला, आवळकाठीला आणि औषधाला जुन्या बायका अजून गावरानच मागतात. आमच्या शेजारच्या अक्का म्हणतात, "बेट्टद नेल्लिकाई म्हणजे हेच बघा, डोंगरातलं. त्याला चव आहे. त्या मोठ्याला नुसतं पाणी आहे."

चवीचं राहू द्या, पाण्याचं सांगतो. 2012-13, 2015-16 आणि 2018-19 ही टंचाईची वर्षं आपण सोसायटीत टँकर मोजत काढली. कलमी झाडाला तेव्हाही बादलीभर पाणी मिळत होतं, तरी एका उन्हाळ्यात त्याची अर्धी फांदी वाळली. मोकळ्या प्लॉटमधल्या गावरान झाडाला कुणी पाणी घातल्याचं मला तरी ठाऊक नाही. तिन्ही वर्षं कार्तिकात त्याला फळ होतं. आवळ्याची एक खुबी आहे. फाल्गुन-चैत्रात फूल येतं, फळ धरतं, आणि मग ते न वाढता उन्हाळाभर झोपून राहतं. पाऊस पडला की जागं होतं आणि भराभर वाढतं. म्हणूनच तुळशीच्या लग्नाला ते तयार असतं. ही खुबी सगळ्याच आवळ्यांची, पण कोरड्या वर्षातही फळ सांभाळून ठेवण्याची ताकद प्रत्येक झाडाची वेगळी. आपल्या गावरान झाडाची ती चांगली आहे, हे तीन परीक्षांत दिसलं आहे. त्याचं हे प्रमाणपत्र कुठल्याही रोपवाटिकेच्या पाटीवर मिळणार नाही. ते झाड सोसायटीच्या आधीपासून इथं आहे. प्लॉट पाडताना ते तसंच ठेवलं, म्हणून ते आपल्या वाट्याला आलं.

घरी रोप कसं करायचं

आता कामाची गोष्ट. आवळ्याचं रोप करणं अवघड नाही, फक्त घाईचं काम नव्हे. दोन वर्षांचा हिशेब धरायचा.

पहिलं काम खुंटाचं. जानेवारी-फेब्रुवारीत झाडावर पूर्ण पिकलेली, पिवळसर झालेली गावरान फळं घ्यायची. गर काढून आठळ्या उन्हात वाळवायच्या. चांगलं ऊन लागलं की आठळी आपोआप तडकते आणि आतून बारीक तांबूस-तपकिरी बिया बाहेर पडतात. साधारण एका फळात सहा. वाळवताना वर पातळ फडकं टाकावं, कारण बिया उडून लांब पडतात. मग त्या पाण्यात टाकायच्या. तरंगतील त्या फेकायच्या, बुडतील त्या ठेवायच्या आणि रात्रभर भिजवायच्या.

मार्च-एप्रिलमध्ये पेरणी. माती, रेती आणि कुजलेलं शेणखत सारखं मिसळून पिशव्या भरायच्या. आवळ्याचं सोटमूळ खोल जातं, म्हणून उथळ कुंडी नको. गोडेतेलाच्या लिटरच्या रिकाम्या पिशव्या धुऊन, तळाला भोकं पाडून वापरल्या तर उत्तम. बी अर्ध्या पेराएवढंच खोल टाकायचं आणि वर सावली करायची. दोनेक आठवड्यांत कोंब दिसतात. पहिला उन्हाळा पाणी थोडं थोडं, पण रोज.

दुसरं काम डोळ्याचं. रोप वर्षाचं झालं आणि खोड पेन्सिलीएवढं जाड झालं की जून ते सप्टेंबर या काळात डोळा भरता येतो. ज्या झाडाचं फळ हवं आहे त्याच्या निरोगी, पेन्सिलीएवढ्या जाड फांदीची डोळकाडी घ्यायची. खुंटावर जमिनीपासून वीतभर उंचीवर एक इंच लांब आणि अर्धा इंच रुंद सालीचा चौकोन काढायचा. डोळकाडीवरून डोळ्यासकट बरोबर तेवढाच चौकोन उचलून त्या जागी ठिगळासारखा बसवायचा. सालीखालच्या ओलाव्याला हात लागू द्यायचा नाही आणि वेळ घालवायचा नाही. प्लॅस्टिकच्या पट्टीनं आवळून बांधायचं, डोळ्याचं टोक मोकळं ठेवायचं. तीन आठवड्यांनी पट्टी सोडून बघायचं. डोळा हिरवा असेल तर जमला. मग त्याच्या वरचा खुंट टप्प्याटप्प्यानं छाटायचा आणि खालून येणारे फुटवे खुडत राहायचे. खालचा फुटवा वाढू दिला तर वरचा नवरदेव उपाशी राहतो. बोरीवर उमराणचा डोळा भरलेला ज्यांनी पाहिला आहे त्यांना यात नवीन काही वाटणार नाही. शेताकडची माहितगार माणसं आपल्यात आहेत. पहिल्या खेपेला त्यांचा हात घ्यावा.

आणखी एक रीत कोरड्या जागेसाठी जास्त चांगली. पिशवीत न लावता खड्ड्यातच गावरान बी टाकायचं, तिथंच रोप वाढवायचं आणि वर्षानं जागेवरच डोळा भरायचा. सोटमूळ कुठंही दुखावत नाही, सरळ खाली ओलीपर्यंत जातं. अशा झाडाला पुढं टँकरची आठवण होत नाही.

जागेचं भान मात्र ठेवा. आवळा हे कुंडीतलं झाड नाही. बागेत दोन झाडांत वीस-बावीस फूट सोडतात. कंपाउंडच्या भिंतीपासून आणि पाण्याच्या टाकीपासून दहा-बारा फूट तरी दूर लावावं. पाणी तुंबणारी जागा त्याला चालत नाही. पहिले दोन उन्हाळे पाणी द्यावं लागतं. कलमी झाड चौथ्या-पाचव्या वर्षापासून फळ देऊ लागतं. एकटं झाड लावण्यापेक्षा जवळपास दोन वेगवेगळे आवळे असावेत, फळ जास्त धरतं. आपल्या गेटजवळचं कलमी झाड इतकी वर्षं लगडत आलं आहे, त्याला मोकळ्या प्लॉटमधल्या म्हाताऱ्याचा परागही कारण असणार. एक काढलं की दुसऱ्याचं फळ कमी होण्याची शक्यता आहे, हेही हिशेबात धरा.

ज्यांच्या घरापुढं तेवढी जागा नाही त्यांनी रायआवळा लावावा. ते वेगळं, लहान झाड. चपट्या, पाकळीदार, पोपटी फळांचे घोस लागतात, बियांपासून सहज येतं आणि मुलांना मीठ-तिखट लावून खायला फार आवडतं.

आता आपल्या दोन झाडांचं

दुधनी नगरपरिषदेच्या हद्दीत झाड तोडायचं तर 1975 च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणं परवानगी लागते, हे कार्यकारी मंडळाला ठाऊक आहेच. मी कायद्याचा धाक घालायला हे लिहीत नाही. परवानगी मिळेलही. माझं म्हणणं क्रमाबद्दल आहे. गावरान झाड आधी गेलं आणि मग आपल्याला त्याची आठवण झाली, तर ते परत आणता येणार नाही. त्याच्या बिया ठेवल्या तरी ती त्याची मुलं होतील, तो स्वतः नव्हे. तीन दुष्काळ बघितलेलं झाड पुन्हा हवं असेल तर ते जिवंत असतानाच त्याचा डोळा काढून ठेवावा लागेल. त्या डोळ्याला खुंट हवा. खुंट तयार व्हायला एक पावसाळा आणि एक उन्हाळा हवा.

म्हणून सभेपुढं माझी सूचना अशी. पार्किंगचा निर्णय दोन पावसाळे पुढं ढकलावा. तोवर गाड्या लावायला मोकळ्या प्लॉटची पश्चिमेकडची कड मुरूम टाकून सपाट करता येईल. झाड तिच्या आड येत नाही. येत्या जानेवारीत याच झाडाच्या बिया काढून पंचवीस पिशव्या भरू. पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यात निम्म्यांवर याच गावरान झाडाचा डोळा भरू आणि निम्म्यांवर गेटजवळच्या कलमी झाडाचा. ज्यांच्याकडं शेत आहे त्यांनी जोडी न्यावी, एक गावरान आणि एक कलमी. दोन रोपं शाळेच्या आवारात देऊ, दोन आपल्याच दक्षिणेकडच्या भिंतीलगत अंतर राखून लावू. एवढं झाल्यावर सभेला पुन्हा विचारू. तेव्हा सभेनं झाड काढायचं ठरवलं तर मी विरोध करणार नाही, कारण ते झाड तोवर दहा-बारा ठिकाणी उभं असेल. न काढायचं ठरलं तर उत्तमच.

पंचवीस वर्षांपूर्वी आपल्यातल्या काहींनी प्रत्येकी थोडे थोडे पैसे घालून ही सोसायटी उभी केली. तेव्हा हाताशी होतं ते एवढंच : मोकळी जमीन, कागदावरचा नकाशा आणि हे एक झाड. जमिनीवर घरं झाली, नकाशा कपाटात गेला. झाडाचं काय करायचं ते आता आपल्या हातात आहे.

बिया काढायला फार माणसं लागत नाहीत. सुट्टीतली मुलं आणि दुपारी मोकळ्या असलेल्या आज्या पुरेत. जानेवारीच्या शेवटच्या रविवारी सकाळी नऊ वाजता मोकळ्या प्लॉटवर या. येताना गोडेतेलाची एक रिकामी पिशवी धुऊन आणा.